वहिनीच्या गाडीचे क्रॉस

आमच्या घरात यंत्रातलं कळणारा एकच माणूस होता, दादा. तो गेला आणि मागं राहिलो मी. मी पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरला क्लार्क. दिवसभर माझ्या हाताखालून ढीगभर नट-बोल्ट जायचे, पण नट कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो, हे मला अजूनही आधी हवेत हात फिरवून बघावं लागतं. सायकल मी उतारावर हातात धरून नेतो. अशा माणसावर एका जुन्या गाडीचे क्रॉस शोधून आणायची वेळ आली, आणि आमची वहिनी घरात राहणार की कायमची जाणार, हे त्या क्रॉसवर ठरणार होतं. देवसुद्धा कामं वाटताना माणूस बघत नाही.

गाडी म्हणजे पिकअप. लढाईच्या काळातली, लष्कराच्या लिलावात दादानं घेतलेली. पुढं लांब नाकासारखं बोनेट, मागं लाकडी हौदा. आमच्या मोशी गावात सगळे तिला 'मिल्ट्री' म्हणायचे. दादा तिच्यातून गावाचा कांदा चाकणच्या मार्केटला न्यायचा आणि येताना कुणाचं खत, कुणाचा पाहुणा, कुणाची बाळंतीण घेऊन यायचा. बाळंतीण असली की गाडी इतकी हळू हाकायचा की सायकलवाले मागं वळून हसत पुढं जायचे.

वहिनीलाही गाडी त्यानंच शिकवली. कांदा निघाल्यावर नदीकाठचं रान मोकळं पडायचं, तिथं. आईला सांगायचा, शेणखत टाकायला चाललोय. पण खत टाकून आलेल्या नवरा-बायकोच्या अंगाला खताचा वासच नाही, हे आईला न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. एकदा बांधावरून गुपचूप बघून आली आणि मला म्हणाली, "सून गाडी हाकतीया, आन तुझा दादा शेजारी बसून देवाचं नाव घेतोय." असं म्हणून पदर तोंडाला लावून हसत बसली.

बाहत्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली असतील. उन्हाळ्याच्या अखेरीला गाडी खालून खडखडायला लागली. दादा म्हणाला, "क्रॉस गेले." इंजिनाचं फिरणं मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब दांडा असतो, शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एकेक लोखंडी तुकडा असतो, म्हणजे गाडी खड्ड्यात आदळली तरी दांडा वाकत-वळत फिरत राहतो. तो क्रॉस. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर इतकं माहीत झालं की झोपेतसुद्धा सांगेन. दादा म्हणाला, "कांदा चाळीत भरू दे, मग बघतो." कांदा चाळीत भरला, आणि आषाढात दादाला कावीळ झाली. आधी गावचं औषध, मग दवाखाना, मग काहीच नाही.

गाडी वर्षभर गोठ्यामागं उभी राहिली. वहिनी रोज सकाळी तिच्या काचेवरची धूळ पुसायची. आई ते ओट्यावरून बघायची.

वर्षश्राद्धाला वहिनीचे दोघं भाऊ आले. खेडच्या पलीकडचं तिचं माहेर. माणसं वाईट नव्हती, उलट फार चांगली होती, म्हणून त्यांच्यावर रागावताही येईना. जेवणं झाल्यावर थोरला आईला म्हणाला, "मावशी, दिवाळी झाली की बहिणीला नेतो. पोरबाळ न्हाई, वय लहान हाय. एक स्थळ बी बघून ठिवलंय."

आई ताटलीतल्या सुपारीकडं बघत राहिली. उत्तर आतून आलं. वहिनी दाराशी येऊन म्हणाली, "भाऊ, गाडी चालू झाली तर मी न्हाई येणार. मी कांदा नेईन, हितंच ऱ्हाईन."

"तू? गाडी हाकणार?"

"हाकती ती," आई पटकन म्हणाली. "मी बघितलंय."

थोरल्यानं ताटलीतली सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाला, "बरं. आन न्हाई झाली चालू तर?"

"तर येते तुमच्यासंगं."

झालं. असा आमचा करार ठरला, आणि करारातली सगळी पळापळ माझ्या वाट्याला आली.

गावात एक मिस्तरी होता, दादाचा दोस्त. त्यानं गाडीखाली घुसून झिजलेला क्रॉस काढला, फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातावर ठेवला. "भावा, हा नमुना. हुबेहूब असाच आणायचा. जरा बी मोठा न्हाई, जरा बी ल्हान न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी तो डब्याच्या पिशवीत टाकून कामावर गेलो. टर्नर लोकांना दाखवावा, एवढाच हेतू. त्यांनी तो हातात घेऊन सोन्याची पारख करावी तसा फिरवला आणि सांगितलं, हा इंचातला माल, आपल्याकडं सगळं मिलिमीटरवर गेलं, आणि ह्याच्या आतल्या सुयांसारख्या बारीक सळ्या आपल्याला बनवता यायच्या नाहीत. ठीक. संध्याकाळी पाळी सुटली, आणि गेटवर झडती घेणाऱ्या वॉचमनच्या हाताला पिशवीतलं लोखंड लागलं.

"हे काय?"

"क्रॉस."

"कुठल्या खात्यातला?"

"आमच्या गाडीचा."

"आत नेताना गेटवर लिहून दिला होता?"

नव्हता दिला. आता गंमत बघा, दुसऱ्यांनी माल बाहेर नेताना जो पास लागतो, त्यावर सही करायचं काम माझंच. मागं सगळी पाळी ताटकळलेली. कुणीतरी ओरडलं, "स्टोअरवाल्यांनी कारखाना डब्यातून नेला रे!" दुसरा म्हणाला, "नेऊ द्या की, आमची बस चुकतीय!" शेवटी टर्नरांपैकी एकजण पुढं आला आणि वॉचमनला म्हणाला, "राव, इतका झिजलेला माल आपल्याकडं एकच हाय, तो म्हणजे हे क्लार्क. सोडा त्यांना." सुटलो. पण पुढं महिनाभर गेटवर माझं नाव 'क्रॉस' होतं.

मग दर रविवारी पुणं. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांच्या ओळीच्या ओळी मी पालथ्या घातल्या. एका दुकानदारानं क्रॉस तळहातावर तोलला.

"गाडी कुठली?"

"लढाईतली."

"कुठल्या लढाईतली, भाऊ?"

"दुसऱ्या महायुद्धातली."

"मग थांबा जरा," तो म्हणाला. "तिसऱ्यात मिळून जाईल."

जुन्या बाजारात जमिनीवर पोतं अंथरून माणसं सगळ्या जगाचं लोखंड मांडून बसलेली. तिथं क्रॉस होते. लहान होते, मोठे होते, आमच्या क्रॉसचे जुळे भाऊ वाटावेत असे होते. मी ते घेऊन यायचो, मिस्तरी मोजायचा आणि बाजूला ठेवायचा. "हा बसंल, पर फिरणार न्हाई. हा फिरंल, पर बसणार न्हाई. भावा, तू नमुना घिऊन जातोस का देवदर्शनाला जातोस?"

वहिनी दर रविवारी संध्याकाळी दारात उभी असायची. मी लांबून दिसलो की आधी माझ्या चेहऱ्याकडं बघायची. मग काही न विचारता आत वळायची. "चहा टाकते, भावजी." त्या वाक्याची मला धास्ती बसली होती. एकदा तर मी मुद्दाम हसत आलो, तिला जरा बरं वाटावं म्हणून. तिला काहीतरी मिळालं असं वाटलं, धावत चौकापर्यंत आली. परत मी कधी रिकाम्या हातानं हसत आलो नाही.

शेवटी क्रॉस शोधला तो तिनंच. श्रावणातल्या एका दुपारी भाजी निवडता निवडता थबकली आणि म्हणाली, "भावजी, माझी मावशी निघोज्याला होती ना, तिथं एका रानात अशीच गाडी व्हती. हेच नाक. आमी सुट्टीत तिच्यावर चढून खेळायचो."

दुसऱ्या दिवशी वहिनी, मिस्तरी आणि मी निघोज्याला. गाडी होती. चाकं नव्हती, दगडांवर उभी होती. तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स कधीकाळी काढून विहिरीवर पाणी ओढायला लावलं होतं आणि तेही ओढून ओढून भंगारात गेलं होतं. केबिनमध्ये कोंबड्या. मिस्तरी खाली घुसला आणि आतूनच ओरडला, "आयला! क्रॉस जिवंत हायेत! ग्रीस वाळून दगड झालंय, त्यानंच राखलेत!"

वहिनीनं माझा दंड घट्ट धरला. दादा गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर असं काही मी पाहिलं नव्हतं.

रानाचा मालक, एक म्हातारा, काठी टेकत आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "न्या की. मला काय त्याचं लोणचं घालायचंय? पर आज न्हाई."

"का वो बाबा?" मिस्तरीनं विचारलं.

"वर सीटवर खुडूक कोंबडी बसलीया. तुमी खालनं हातोडे घालणार, गाडी हादरणार. अंडी गंदी व्हतील."

"बाबा, अंडी दुसरीकडं उचलून ठिवू की."

"तुझी बायकू बाळंतपणाला बसली तर खाटंसकट उचलून ठिवशील का?"

मिस्तरीनं हातोडा पिशवीत टाकला. वहिनी म्हणाली, "राहू द्या बाबा. पिल्लं निघू द्या. आमी थांबतो."

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. "बदल्यात पैसा-बिसा नगं," तो म्हणाला. "गाडी चालू झाली की मला फाट्यावरनं पुढं बसवून चाकणला न्यायचं. ही गाडी चालत व्हती तवा हिच्यात पुढं बसून जायचं आमचं ऱ्हाऊनच गेलं."

आता कोंबड्यांचं काम तुम्हाला माहीत आहे. ती अंडी निम्मी वाया गेली, म्हाताऱ्यानं पुन्हा दुसरी मांडली. मी पाळी सुटल्यावर सायकल मारत निघोज्याला जायचो आणि एका कोंबडीची तब्येत विचारून परत यायचो. घरी आई वाट बघत असायची. "कशी हाय रं? बसलीया न्हवं?" आमच्या घराण्यात कुणाच्या बाळंतपणाची इतकी काळजी केली गेली नसेल.

नवरात्र बसलं आणि पिल्लं निघाली. मिस्तरीनं क्रॉस काढून आणले, राकेलमध्ये भिजवले, घासले. तो नमुना त्यांच्या शेजारी ठेवला. हुबेहूब. वहिनीनं ते दोन क्रॉस हातात घेतले आणि आत जाऊन दादाच्या फोटोपुढं ठेवले. आम्ही बाहेर उभे राहिलो. मिस्तरी हातावरचं राकेल पुसत राहिला.

अष्टमीला त्यानं आमच्या अंगणात शाफ्ट काढला आणि दोन्ही टोकांना क्रॉस ठोकून बसवले. संध्याकाळी हत्यारं घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी खांडेनवमी. त्या दिवशी हत्यारांना आंघोळ, हळद-कुंकू, फुलं, आणि पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आमच्याकडं हे सगळे पाळतात, गॅरेजवाल्यापासून कारखान्यापर्यंत. हत्यारं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की शाफ्टच्या मधला जोड कोरडा आहे. शाफ्ट मधोमध एकात एक सरकणाऱ्या दोन भागांचा असतो. ते हातानंच ओढून वेगळे करता येत होते. दसऱ्याला ग्रीस भरून जोडू म्हणाला. पण हे दोन भाग होते तसेच जुळवावे लागतात, एक दात जरी इकडचा तिकडं झाला तरी शाफ्ट वेडावाकडा फिरतो. एरवी त्यानं छिन्नीनं दोन्हीकडं खूण ठोकली असती. छिन्नी पूजेला गेलेली. मी तिथंच बसून हौद्याच्या फळीवर तांबड्या रंगानं शुभ-लाभ लिहीत होतो. माझ्यावर एवढंच काम सोपवलं होतं, त्यातही लाभाचा भ जरा आडवाच झाला होता. मिस्तरीनं माझ्या डब्यात बोट बुडवलं, जोडाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, एका भागावर एक, दुसऱ्यावर एक, असे दोन टिळे लावले आणि मग ते भाग ओढून वेगळे केले. "टिळ्याला टिळा भिडवला की झालं," तो म्हणाला. "वाळू दे. परवा येतो."

नवमीला मी कारखान्यात होतो. तिथंही पूजा, माणसांची बायका-पोरं आत आलेली, यंत्रांना हार, सगळ्यांना पेढे. मी दोन पेढे खिशात घालून आनंदानं घरी आलो.

अंगणात गोणपाटावर शाफ्टचे दोन्ही भाग ठेवलेले. आरशासारखे चकाकत होते. आईनं सकाळपासून बसून ते आधी राकेलनं, मग चिंच आणि राखेनं, तांब्या-पितळेची भांडी घासावीत तसे घासले होते. हात सोलून निघाले होते तिचे. मला पुढं बसवून तिनं सगळं सांगितलं. पूजेची वेळ झाली तेव्हा वहिनी हळद-कुंकवाचा करंडा आईपुढं ठेवून मागं सरकली. आई म्हणाली, "गाडी तुझी हाय. कुंकू तूच लाव."

"आई, माझ्या हातानं?"

"मग कुणाच्या? माझं कपाळ तरी कुठं भरलेलं हाय? लोखंडाला इधवा-सवाष्ण कळत न्हाई. लाव."

तेवढ्यात शेजारची काकू उसना नेलेला चिंचेचा गोळा परत द्यायला आली. ती दारातच थबकली, पहिलं बोट लागेपर्यंत बघत राहिली आणि आल्या पावली फिरली. वहिनीनं कुंकू तेलात कालवलं, लोखंडाला धरावं म्हणून, आणि दोन्ही भागांना बोट लावलं. वर्षभरानं तिनं कुंकवाला हात लावला होता. हे आईनं मला अभिमानानं दोनदा सांगितलं. मला वाटतं, तिनं आयुष्यात केलेलं सगळ्यात मोठं बंड ते होतं.

दसऱ्याला मिस्तरी आपट्याची पानं घेऊन आला. शाफ्ट बघून म्हणाला, "आई, चांदीचा केलात की वो!" आई लाजली. त्यानं ग्रीस भरलं, तांबड्याला तांबडं भिडवलं आणि शाफ्ट चढवला. गाडी गावात एक चक्कर फिरली. किंचित थरथरत होती. "क्रॉस कालपरवाच घातलेत," तो म्हणाला, "रुळतील आपोआप."

दुसऱ्या दिवशी हौद्यात कांद्याच्या गोण्या भरल्या. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, वहिनीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. वहिनी चाकावर, तिच्याशेजारी मिस्तरी, आणि मी मागं गोण्यांवर. तिथं बसायला यंत्राचं ज्ञान लागत नाही. वेशीत माणसं जमलेली. कुणी म्हणालं, "वहिनी, आमचा बी कांदा न्या पुढच्या खेपंला!" वहिनीनं आरशात बघून पदर खोचला आणि गाडी सोडली. इंद्रायणीचा पूल ओलांडला. चिंबळी फाट्यापर्यंत ती नीट चालली, थरथरत का होईना. मागच्या काचेतून मला वहिनीची फक्त मान दिसत होती. ताठ. दादासारखीच एक कोपर खिडकीबाहेर.

निघोज्याच्या फाट्याअलीकडं चढ लागला, तिनं जोर दिला, आणि गाडी अंगात आल्यासारखी हादरायला लागली. गोण्या नाचायला लागल्या. मग खालून तोफेसारखा आवाज झाला. गोण्यांवरून मी सरळ फळीवर आदळलो, माझ्याच आडव्या 'भ'वर.

गाडी थांबली तेव्हा रस्त्यावर काळं तेल वाहत होतं. पुढचा क्रॉस तुटला होता, आणि सुटलेल्या शाफ्टनं गरगरत गिअरबॉक्सचं कवच फोडलं होतं. बिडाचं कवच, मधोमध चिरलेलं. मिस्तरी खाली पडून कितीतरी वेळ बघत राहिला. "संपलं," तो म्हणाला. निघोज्याच्या गाडीचा गिअरबॉक्स केव्हाच भंगारात गेलेला; दुसरी गाडी कुणाला माहीत नव्हती.

मग त्यानं शाफ्ट फडक्यानं पुसला. फडकं गुलाबी झालं. त्यानं पुन्हा पुसलं, बोट नाकाशी नेलं.

"हा माझा रंग न्हाई," तो म्हणाला. "हे कुंकू हाय."

आम्ही तिघंही रस्त्याच्या कडेला उभे. वहिनीला सगळ्यात आधी कळलं. ती हळू म्हणाली, "आईंनी राकेलनं धुतला तवा तुमचा रंग गेला. ह्ये टिळे मी लावलेले. कुठं बी."

"चूक माझी," मिस्तरी म्हणाला. "छिन्नी घरी न्हायला पाठीवली... खूण ठोकायला पायजे व्हती, वहिनी."

"आईंना ह्यातलं काय बी कळायला नको." तिनं आधी त्याच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. "आख्खा दिवस बसून घासलाय त्यांनी. त्यांच्या हातानं गाडी मोडली हे कळलं तर जगायच्या न्हाईत त्या. पार्ट जुना व्हता, तुटला. एवढंच सांगायचं. शपथ हाय माझी."

वर फाट्यावर तो निघोज्याचा म्हातारा धुतलेला फेटा बांधून उभा होता. आम्ही येत नाही म्हणून काठी टेकत उतरून आला. गाडीखालचं तेल बघितलं. वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत चढ चढायला लागला.

घरी आम्ही तसंच सांगितलं. आई खांबाला टेकून बसली, "पार्टच तसला व्हता?" एवढंच म्हणाली. पण गावानं आपलं उत्तर शोधलेलंच होतं. शेजारच्या काकूनं ते आमच्या ओट्यावर येऊन सांगितलं. "इधवेच्या हातानं कुंकू लावल्यावर दुसरं काय व्हनार? मी डोळ्यांनी बघितलं." मी तोंड उघडलं. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि वहिनी तिथल्या तिथं मोकळी झाली असती. वहिनी आतून चुलीपाशी बसल्याबसल्या माझ्याकडं बघत होती. मी तोंड मिटलं. काकूवर मात्र आई अशी उसळली की पुन्हा ती बाई कधी आमची पायरी चढली नाही.

भाऊबीज झाली आणि भाऊ न्यायला आले. एस.टी.च्या थांब्यावर आईनं वहिनीचे दोन्ही हात धरले. "माझंच चुकलं गं. मी तुला कुंकू लावायला लावलं, आन सगळं तुझ्यावर आलं."

"लोकांचं काय ऐकता, आई? पार्टच तसला. कोंबड्यांनी उबवून उबवून मऊ केलेला."

आई रडता रडता हसली. एस.टी. आली. वहिनी खिडकीशी बसली, हात बाहेर काढला, आणि आई त्या हातामागं थोडी धावली. माझ्या आईला मी त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं.

पुढं एका सकाळी निघोज्याचा म्हातारा आमच्याकडं आला, काखेत एक कोंबडा. त्याच अंड्यांतला. "पोरीला द्यायला आणलाय," म्हणाला. ती गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. आईनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. सगळा दोष तिनं त्याच्या क्रॉसवर घातला होता. सुनेच्या हाताला दोषातून सोडवायचं तर दुसऱ्या कुणाला तरी धरायलाच हवं होतं. मी त्याला पाणी दिलं. तो प्यायला आणि कोंबडा घेऊन परत गेला.

वहिनीचा पाट लागला. सुखात आहे असं कळायचं. आई मला मधूनच, भाकरी थापताना, देवाला जाताना, कधीही विचारायची, "पार्टच खराब व्हता ना रं?" मी म्हणायचो, "व्हय आई."

पाच-सहा वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. एक दिवस मला जवळ बोलावलं. "तू त्या पोरीकडं जा. तिच्या मनात आसंल, आपल्या हातामुळं झालं. माझ्यासमोर ती हसली, पर मला कळत न्हाई व्हय? तिला सांग, आई शपथेवर सांगती, पार्टच खराब व्हता."

गेलो. खेडच्या पलीकडं, तिच्या नव्या घरी. ती अंगणात धान्य पाखडत होती. मला बघून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला. आत एक मूल रडत होतं. मी आईचा निरोप जसाच्या तसा सांगितला, शपथेसकट.

तिनं हातातल्या सुपातून एक खडा वेचून टाकला.

"आईंना सांगा," ती म्हणाली, "मला पटलं म्हणावं."